पाण्याची चूल

सोनूबाई खोटं बोलली असं कुणी म्हणू नये. ती खरंच बोलली. फक्त ते खरं व्हायच्या आधी बोलली, एवढाच काय तो फरक.

झालं ते कबनूरला, लेकीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी. दीक्षा ही सोनूबाईची एकुलती एक लेक. जावई सूरज यंत्रमागावर कामाला. घराच्या भिंतीला लागूनच मागाची शेड, आणि तिची खटखट दिवसरात्र चालू. अशा घरात जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. सूरजची आई बयाबाई तर नुसतं 'मीठ वाढा' म्हणाली तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. बाई मनाची वाईट नव्हती. पण जे मनात, ते लगेच गळ्यात, आणि गळा हा असा.

ओटी भरून झाली, लाडू वाटले गेले आणि पोरीला माहेरी कधी न्यायचं याची बोलणी निघाली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात खरं तर बोलण्यासारखं काही नसतं. पण बयाबाईनं ताटावरून मान वर करून विहिणीकडं पाहिलं.

"चंदगडात? ऐन पावसाळ्यात?" ती म्हणाली. "ईनबाई, राग मानू नगा. तुमच्यात आठ-आठ दिस लाईट नसती. बाळंतिणीला सकाळ-संध्याकाळ कडकडीत पाणी लागतंय. माज्यात बटन दाबलं की पाणी. तुमी काय, चुलीवर हंडं चढवत बसणार? पोरगी हितंच ऱ्हाऊ दे."

हे साऱ्या गल्लीनं ऐकलं. पंगतीतल्या बायकांनी माना खाली घातल्या, पण कान काही खाली घातले नाहीत. सोनूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या घरात बऱ्याच गोष्टी नव्हत्या, हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या घरात काय नाही हे दुसऱ्यानं चारचौघांत मोजून दाखवावं, हे तिनं आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नव्हतं. काजू कारखान्याच्या मुकादमाचं नाही, अन् खुद्द सासूचंही नाही.

"माज्या घरात नळ फिरवला की गरम पाणी येतंय, ईनबाई," ती म्हणाली. "लाईट असू दे, न्हायतर नसू दे."

तिचा नवरा यल्लाप्पा समोर बसला होता. त्याच्या तोंडातला लाडू तोंडातच राहिला. त्याच्या घराला एकच नळ होता, तो अंगणात, आणि तो गार पाणी सोडायचा. तेही आला तर.

"आस्सं?" बयाबाई म्हणाली. "मग मी सोता येऊन बगणार. पाणी आलं तर पोरगी तुमची. न्हाय आलं तर बाळंतपण हितं."

निघताना दीक्षानं आईचा पदर धरला. "आई, मला तुज्याकडंच यायचंय," ती कानाशी म्हणाली. "हितं सगळी चांगली हाईत गं. पर मागाच्या आवाजानं डोळा लागत न्हाय, आनि तू पायजेस मला." सोनूबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि एसटीत जाऊन बसली.

एसटी गडहिंग्लजला आली. तेव्हा यल्लाप्पानं विचारलं, "कुठला नळ?"

"बसवायचा हाय अजून," सोनूबाई म्हणाली.

घर त्यांचं दोन खोल्यांचं. सरकारी घरकुलातून झालेलं, पण भिंतींना रंग स्वतःच्या कमाईचा. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्या भिंतीपलीकडं मोरी. दोघंही काजू कारखान्यात; ती सोलायला, तो भट्टीवर. गॅस होता, पण पावसात रस्ता खचला की टाकी वेळेवर यायची नाही, म्हणून भाकरी चुलीवर आणि पाणीही चुलीवर. आधी स्वयंपाक, मग पाण्याचा हंडा, मग तो फडक्यात धरून मोरीत. बाळंतीण आणि तान्हं घरात असताना दोन वेळा असा हंडा नाचवायचा, हे काही खरं नव्हतं. बयाबाईचं बोलणं झोंबलं ते उगाच नाही. ते निम्मं खरं होतं.

मग शोध सुरू झाला, आणि सल्ला द्यायला सगळी वस्ती धावली. गीझर घ्या, असं एकानं सांगितलं. लाईटच नाही तर गीझर काय, खुंटीला टांगायचा? गॅसचा गीझर घ्या, असं दुसरा म्हणाला. पण मोरी एवढीशी, तिला खिडकी नाही. त्या कोंडलेल्या जागेत गॅस जाळून वर ओली बाळंतीण बसवायची, हे सोनूबाईला ऐकवेना. तिसरा उन्हावरच्या पाण्याचं बोलला. त्याच्याकडं तिनं नुसतं बघितलं. पावसाळ्यात चंदगडात ऊन म्हणजे लांबचा पाहुणा. आला तरी चहा घ्यायलासुद्धा थांबत नाही.

"बंब," यल्लाप्पा म्हणाला. "तांब्याचा बंब घेऊया."

तो हे एवढ्या हळू म्हणाला की सोनूबाईनं हातातलं काम थांबवलं. बंबाचं काय आहे ते तिला माहीत होतं. यल्लाप्पाची आई चिमणाबाई गावच्या पाटलांच्या घरी कामाला होती. त्यांच्या सोप्यात कमरेएवढा तांब्याचा बंब होता. पहाटे उठून त्यात जाळ घालायचा, राख काढायची, चिंच लावून तो लखलखीत करायचा, हे सगळं चिमणाबाईचं काम. पाटलांचं अख्खं घर त्यातल्या पाण्यानं न्हायचं. चिमणाबाई मात्र ओढ्यावर. लहानपणी यल्लाप्पानं आईला एकदा विचारलं होतं, ते पाणी किती गरम असतं? ती म्हणाली होती, मला काय ठावं, मी कुठं हात लावलाय.

"कोल्हापुरात जाऊन बगूया तर," सोनूबाई म्हणाली. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

जायच्या दिवशी तिनं बरोबर दोन गोष्टी घेतल्या. एका पिशवीत तांदळाचं आणि ज्वारीचं पीठ, तवा आणि काटवट. आणि एक लाकडांची मोळी. तीही अंगणात पावसात पडलेली, पाणी निथळणारी. एसटीत चढताना कंडक्टर दारातच आडवा आला.

"मावशी, कोल्हापुरात लाकडं मिळत न्हाईत व्हय?"

"मिळत्यात की. वल्ली मिळत न्हाईत."

कंडक्टरनं डोक्याला हात लावला. मोळीखाली पाण्याचं तळं झालं, शेजारच्या माणसानं पाय वर घेतले, आणि यल्लाप्पा ही बाई आपली कोणी नाहीच अशा थाटात खिडकीबाहेर बघत राहिला. कोल्हापूर येईपर्यंत त्यानं एकदाही मान वळवली नाही.

भांड्यांच्या दुकानात मात्र त्याची मान हलेना. समोर बंब उभा होता. गोल पोट, वर नळकांडं, पुढं पितळी तोटी, आणि अंग असं चकचकीत की यल्लाप्पाला त्यात स्वतःचा चेहरा दिसत होता, जरा पसरट, पण खूश. त्यानं बंबाच्या पोटावरून हात फिरवला. "बग," तो म्हणाला. "सोप्यात ठेवला तर येणारा-जाणारा बगत बसंल."

सोनूबाईनं पाहिला. सुरेख होता, यात वाद नव्हता. तिलाही क्षणभर वाटलं, घ्यावा. पण तिच्या घराला सोपा कुठं होता? बाहेर ठेवावा तर पावसाची झड, आत ठेवावा तर धूर कोंडणार. आणि बंबाला वेगळा जाळ, भाकरीला वेगळा जाळ. पावसाळ्यात वाळलेलं लाकूड म्हणजे सोनं. ते दोन तोंडांना कसं पुरवायचं?

तिनं नवऱ्याला दुकानाबाहेर नेलं. "ह्यो बंब भाकरी करतोय का?" तिनं विचारलं.

"बंब कसा भाकरी करंल?"

"मग नगं. आनि दुसरं ऐका. बंब त्यांच्या घरात व्हता म्हणून तो आपल्याला मोठा वाटतोय. त्यांच्या घरातलं आपल्या घरात आणून काय मिरवायचं? आपलं आपण नवं काढूया. ते बगायला त्यांनी यावं."

 यल्लाप्पाला ते पटलं नाही, पण तो तिच्यामागून चालू लागला. संसारात असं पुष्कळदा होतं.

उद्यमनगरात, लोखंडकामाच्या शेडांमधून शोधत शोधत ते बाळासोंच्या शेडपाशी आले. बाळासो मिस्त्री हे नांगराच्या फाळापासून देवळाच्या दरवाजापर्यंत काय वाट्टेल ते जोडून देणारे गृहस्थ. त्यांच्या शेडमध्ये लोखंडी चुली मांडल्या होत्या; प्रत्येकीला वर धुराडं आणि अंगाला स्टीलची पाण्याची टाकी. एकच जाळ, भाकरीही होते आणि पाणीही तापतं, असं बाळासो सांगत होते.

"या पावणं, बसा," ते म्हणाले. "कसली बी चूल घ्या, पाणी असं तापतंय की अंडं उकडून निगंल."

"अंडं नगं," सोनूबाई म्हणाली. "भाकरी करून बगती."

"हितं?"

"न्हायतर कुठं? जावई बघायला जाताना नुसता फोटो बगून येत न्हाय आपण." तिनं पदर खोचला आणि मोळी सोडली. बाळासोंनी लाकडाला हात लावला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, ही वल्ली हाईत की हो."

"आमच्यात चार म्हैने अशीच असत्यात. वाळल्या लाकडावर काय, कागदाची चूल बी चालंल."

वेल्डिंगची ठिणगी थांबली. पाच-सहा कामगार गोळा झाले. सोनूबाई शेडच्या मधोमध पाट घेऊन बसली, काटवटीत पीठ मळलं आणि पहिल्या चुलीत जाळ घातला. ही सगळ्यांत मोठी; टाकी तिच्या चारी अंगांना गुंडाळलेली. लाकडं आधी फुसफुसली, मग धरली. थोड्या वेळात टाकीतलं पाणी खदखदायला लागलं. बाळासोंनी सगळ्यांकडं अभिमानानं पाहिलं. पण तव्यावरची भाकरी फुगेना. ती वाळली, कडक झाली, आणि शेवटी सोनूबाईनं ती उचलून बाळासोंच्या हातात दिली. ती टेबलावर ठेवली तर तिचा आवाज झाला.

"सगळा जाळ पाणीच खातंय," ती म्हणाली.

दुसरी चूल लहान, टाकी एका कडेला. हिच्यावर भाकरी टम्म फुगली. कामगारांनी 'आं' केलं. मग सोनूबाईनं टाकीत हात घातला आणि तो तसाच आत ठेवला. "ह्या पाण्यानं बाळ काय, मांजर बी न्हाणार न्हाय."

बाळासोंचा चेहरा पडला. पण उद्यमनगरात 'जमत नाही' हा शब्द कुणी वापरत नाही; तो वापरला तर शेजारचा शेडवाला हसतो. ते चुलीभोवती एक फेरी मारून आले. "तुमच्या घरची चूल कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"मातीची. म्होरं तवा, मागं वैल." वैल म्हणजे चुलीच्या मागचं दुसरं तोंड; पुढचा उरलेला जाळ तिथं जातो आणि त्यावर आमटी रटरटते. "जाळ आधी तव्याला. उरलेला वैलाला. पाण्यानं बी तसंच करावं. सगळ्यांचं झालं की मागनं जेवावं."

"म्हंजे टाकी मागं घ्यायची," बाळासो म्हणाले आणि खडू उचलला. "धुराड्याच्या बुडाशी. धूर वर जाता जाता टाकीला मिठी मारून जाईल." मग त्यांचं डोकं पुढं धावलं, आणि ते सोनूबाईच्या डोक्यात आलेलं नव्हतं. "आनि मधी एक सरकती पट्टी. भाकरी असली की पट्टी आत. भाकरी झाली की पट्टी बाहेर ओढायची, सगळा जाळ पाण्याला."

"मग करा की," सोनूबाई म्हणाली, जणू तिनं पानाला चुना लावायला सांगितला.

पत्रा कापला गेला, टाकी उतरली, पुन्हा चढली. दुपार कलली. सोनूबाई हलली नाही. रिकाम्या हातानं परतलं तर बयाबाईला सांगायचं काय, हे तिला सुचत नव्हतं आणि म्हणूनच ती बसून राहिली. शेवटी चूल उभी राहिली. तिनं जाळ घातला, भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्याला लावली. भाकरी फुगली. दुसरी फुगली. चौथी होईपर्यंत टाकीवरचं झाकण थरथरायला लागलं, आणि तिनं पट्टी ओढली तसं पाणी उकळ्या फोडायला लागलं. ओल्या लाकडावर. उद्यमनगराच्या शेडमध्ये.

तिनं मागं वळून पाहिलं. कामगारांनी डबे उघडले होते. कुणाच्या डब्यात खर्डा होता, कुणाच्या कांदा. सगळ्यांनी उभ्यानंच गरम भाकरी खाल्ली. बाळासोंनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "मावशी, आता ह्या पद्धतीनं आणखी चुली करणार म्या. चालंल न्हवं?"

"करा. पर पयली माजी," ती म्हणाली. तिची मान अशी ताठ झाली होती की डोक्यावर घागर ठेवली असती तरी हलली नसती.

इतका वेळ यल्लाप्पा दाराशी उभा होता. काळं लोखंड, ना चकाकी ना पोट. पण त्यानंही भाकरी खाल्ली होती, आणि टाकीच्या पाण्यात बोट घालून ते चटकन बाहेर काढलं होतं. तो पुढं आला.

"भांड्यावर नाव घालत्यात तसं हिच्यावर घालता ईल का?" त्यानं विचारलं.

"घालू की. कुणाचं? मावशींचं?"

यल्लाप्पानं बायकोकडं पाहिलं. "चिमणाबाई," तो म्हणाला. सोनूबाईनं मान डोलावली. बाळासोंनी चष्मा चढवला आणि चुलीच्या दारावर वेल्डिंगनं एकेक अक्षर काढलं. यल्लाप्पा ते डोळे बारीक करून बघत राहिला. ठिणग्यांनी डोळ्यांत पाणी आलं असं तो म्हणाला, आणि तिथं कुणी त्याला खोडून काढलं नाही.

चूल टेम्पोतून घरी आली. मोरीच्या भिंतीला भोक पाडून टाकीचा पाईप पलीकडं काढला आणि त्याला पितळी तोटी बसवली. टाकीत वरून गार पाणी ओतायचं आणि पलीकडं नळ फिरवायचा. धुराडं छपरातून वर गेलं. वस्ती बघायला आली. सोनूबाई प्रत्येकाला नळ फिरवू द्यायची आणि भाजून घ्यायची. चार दिवस तिनं दुसरं काही केलंच नाही म्हणायला हरकत नाही.

मग पाऊस वाढला. चंदगडचा पाऊस म्हणजे नुसता वरून पडत नाही, तो कडेनं येतो, खालून येतो, दाराच्या फटीतून आत डोकावून बघतो. त्यामुळं तिथली माणसं पावसाळ्यात आभाळाकडं तोंड असलेली एकही वस्तू उघडी ठेवत नाहीत. पिंप असो, गंजी असो, कोंबड्यांचं खुराडं असो. दिसलं की झाकायचं, ही हातांनाच लागलेली सवय. लाईट गेली, ती गेलीच. आणि अशाच एका सकाळी, वर्दी न देता, एसटीतून उतरून, चिखल तुडवत, छत्री उलटी झालेली, नखशिखान्त भिजलेली बयाबाई दारात उभी राहिली.

"जयभीम, ईनबाई!" ती ओरडली. पलीकडच्या तीन घरांची दारं उघडली. "बगायला आले!"

"या, या," सोनूबाई म्हणाली.  तिला आनंदच झाला. ह्याच दिवसासाठी तर सगळं. "बसा चुलीपाशी. आत्ता पाणी तापवती."

तिनं चुलीत लाकडं रचली आणि काडी लावली. जाळ धरला. आणि मग, सोन्यासारख्या त्या चुलीतून, सगळ्या बाजूंनी, काळाकुट्ट धूर घरात यायला लागला. दारातून, पट्टीच्या फटीतून, तव्याखालून. दोन्ही खोल्या भरल्या. फोटो दिसेनासे झाले. बयाबाई खोकायला लागली, आणि तिचं खोकणंही तिच्या बोलण्यासारखंच होतं.

"ईनबाई! बाळाला न्हाऊ घालणार का धुरी देणार?"

सोनूबाईला वाटलं, धरणी दुभंगावी आणि चुलीसकट पोटात घ्यावं. तिनं पट्टी ओढली, ढकलली, लाकडं मागं घेतली. धूर कमी होईना. कबनूरच्या पंगतीतल्या त्या सगळ्या खाली घातलेल्या माना तिला दिसल्या. आणि धुरातून तिला पदर धरलेला दीक्षाचा हात दिसला, तो सगळ्यांत वाईट. लेक तिकडं मागाच्या खटखटीत कूस बदलत राहणार, आणि आपण इकडं नुसतं बोलून बसलेलो.

मग तिला यल्लाप्पाचं तोंड दिसलं. तो कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत होता.

"अवो," ती म्हणाली, "काय केलंसा?"

"झड येत हुती... काल रातच्याला..." तो म्हणाला. "धुराड्याच्या तोंडावर पोतं बांदलं म्या."

त्याच्या हातांनी चाळीस पावसाळ्यांत जे केलं तेच याही पावसाळ्यात केलं होतं. आभाळाकडं तोंड दिसलं, झाकलं. सोनूबाईला जे बोलायचं होतं ते तिनं गिळलं. विहिणीसमोर नवऱ्याला बोलणारी बाई ती नव्हती. ते सावकाशीनं, पाहुणी गेल्यावर होणार होतं. यल्लाप्पा तेवढ्या पावसात शिडी लावून छपरावर चढला आणि त्यानं पोतं ओढून फेकलं. धुराड्यानं एक मोठा श्वास घेतला. घरातला धूर चुलीकडं वळला आणि सरसर वर गेला. जाळ भडकला.

सोनूबाईनं डोळे पुसले, काटवट ओढली आणि भाकरी थापायला घेतली. पहिली फुगली. बयाबाई जवळ सरकली. दुसरी फुगली. बयाबाईनं चुलीच्या दारावरच्या अक्षरांवरून ओलं बोट फिरवलं.

"ही चिमणाबाई कोण?"

"माज्या सासूबाई," सोनूबाई म्हणाली. "लोकांच्या बंबाला जन्मभर जाळ घातला त्यांनी. आता नातीला न्हाऊ घालायला आल्यात." तिनं पट्टी बाहेर ओढली. टाकीचं झाकण थरथरलं. "जावा ईनबाई. मोरीत जाऊन नळ फिरवा."

बयाबाई गेली.  मग मोरीतून असा आवाज आला की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

"आगागागा! हात भाजला की गं बया!"

सोनूबाईनं चुलीपाशी बसल्या बसल्या डोळे मिटले. आजवर तिचं कौतुक कुणी केलं नव्हतं असं नाही, पण एवढ्या मोठ्यानं कधी झालं नव्हतं.

बयाबाईनं पुष्कळ वेळ अंघोळ केली. दोनदा टाकी भरावी लागली. मग सोनूबाईचंच लुगडं नेसून ती येऊन चुलीपुढं बसली, केस सोडलेले, अंगातून वाफा निघत होत्या. आणि मग बयाबाई हळू बोलली. सोनूबाईनं ते ऐकायला मान पुढं केली, कारण असा आवाज तिच्यात असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"माजं पयलं बाळंतपण सासरीच झालं. आई नव्हती मला. थंडीचं दिस. शेजारणीनं कोमट पाण्यानं उरकलं. तवापासनं कंबर धरलीया ती आजतागायत. म्हणून म्हटलं, पोरीला तसं नगं. माज्या हातानं कडकडीत पाणी घालीन. तुमाला बोलायचं नव्हतं वो, ईनबाई. भ्या वाटत हुतं."

सोनूबाईचा सगळा राग, एवढे दिवस जपून ठेवलेला, एका क्षणात पातळ झाला. तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिनं फुगलेली भाकरी मोडली, वर लोणी घातलं आणि विहिणीच्या हातात दिली. "मग तुमी बी ऱ्हावा की," ती म्हणाली. "एक वेळ मी घालीन, एक वेळ तुमी घाला. पाणी हाय की दोघींपुरतं."

बयाबाईनं भाकरी खाल्ली, तोंड पुसलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. रेंज फक्त दाराच्या पायरीवर यायची. ती डोक्यावर पोतं घेऊन, तेच धुराड्याचं पोतं, पायरीवर उभी राहिली आणि तिनं कबनूरला फोन लावला. तिचा आवाज पुन्हा जागेवर आला होता.

"दीक्षे! ऐकू येतंय का? पिशवी भर! सूरजला म्हणावं, गाडी बग. आनि शेजारच्या सगळ्यांस्नी सांग. माज्या ईनबाईच्या घरात नळ फिरवला की गरम पाणी येतंय! लाईट असू दे, न्हायतर नसू दे!"

सगळ्या वस्तीनं ते ऐकलं. सोनूबाई दारात येऊन उभी राहिली. वाक्य तिचंच होतं, शब्दन् शब्द. तेव्हा ते खरं व्हायचं होतं. आता ते खरं झालं होतं, आणि ते सांगत होती बयाबाई.